क्षार गिझरमध्ये, उपाय भलत्याच नळाला



आपल्याकडे घरोघरी एक वाक्य ऐकू येतं: "पाण्यात फार क्षार आहेत हो, म्हणून आरओ बसवला." गिझरची कॉइल गेली की हेच वाक्य. नळाच्या तोंडाशी पांढरं साचलं की हेच वाक्य. घरात कुणाला मुतखडा निघाला, मग तर विचारायलाच नको. आज मला या वाक्याशीच भांडायचं आहे, कारण यात दुखणं एका जागी आहे आणि औषध भलत्याच जागी.

क्षारानं गिझर जातो, वॉशिंग मशीनचा हीटर जातो, शॉवरची भोकं बुजतात. आरओ मात्र आपण लावतो ओट्यावर, पिण्याच्या पाण्याला. गिझर पूर्वीसारखाच क्षार खात राहतो, आणि ओट्यावरच्या यंत्रातून रोज बादल्या भरतील एवढं पाणी मोरीत जातं. तेही हिंगोली जिल्ह्यात, जिथे नळाला रोज पाणी येईल याची खात्री नाही आणि उन्हाळ्यात टँकरकडे डोळे लावून बसणारी गावं आहेत.

आधी हा क्षार येतो कुठून ते पाहू. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे, बेसॉल्ट. पावसाचं पाणी मातीतून मुरताना त्यात हवा-मातीतला कार्बन डायऑक्साइड मिसळतो आणि ते किंचित आंबट होतं. असं पाणी खडकातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हळूहळू विरघळवून घेतं. शेतात नांगरताना चुनखडीचे खडे वर येतात ना, त्यांचा आणि गिझरमधल्या पांढऱ्या पापुद्र्याचा मूळ पदार्थ एकच, कॅल्शियम कार्बोनेट. पाणी खडकात जितके जास्त दिवस राहतं, तितकं सहसा जड होतं. म्हणून सिद्धेश्वर, येलदरीसारख्या धरणांचं पाणी सहसा हलकं लागतं आणि खोल बोअरचं जड. नळाचं पाणी पुरत नाही म्हणून आपण टाकीत बोअरचं पाणी मिसळतो आणि मग म्हणतो, नळाचं पाणी खराब झालं!

सांगायचा मुद्दा एवढाच की क्षार ही घाण नाही. सांडपाणी मिसळणं वेगळं आणि पाणी जड असणं वेगळं. हे दोन शब्द आपण एकाच पिशवीत घातले आणि तिथूनच फसवणूक सुरू झाली.

आता यंत्रांचा हिशोब. जड पाणी गार असेपर्यंत क्षार विरघळलेला राहतो. तापवलं की त्यातला बराचसा सुटा होऊन गरम पत्र्याला, कॉइलला चिकटतो. पाणी ६० अंशांच्या पुढे नेलं की हे फार झपाट्यानं होतं. समजा तुमच्या पाण्याची कठीणता लिटरमागे ४०० मिलिग्रॅम आहे आणि घरात रोज ८० लिटर पाणी गिझरमधून जातं. म्हणजे रोज ३२ ग्रॅम क्षार गिझरमधून पुढे गेला. त्याचा दहावा भागच आत चिकटला तरी रोज ३ ग्रॅम, वर्षाला किलोभर! या किलोभर दगडाची गोधडी कॉइलला गुंडाळली की उष्णता पाण्यात जात नाही, कॉइल स्वतःच तापत राहते आणि एक दिवस फुटते. तोवर वीजबिल आपण भरतच असतो.

साबणाचंही तसंच. जड पाण्यात साबण आधी कॅल्शियमशी जुळतो, त्याचा चिकट साका होतो आणि कॅल्शियम संपलं की मगच फेस येतो. याच पाण्याच्या २० लिटरच्या बादलीत फेस यायच्या आधीच जवळजवळ ५० ग्रॅम साबण खर्ची पडतो. कपडे निबर होतात, पांढरे सदरे पिवळट दिसतात, बादलीला कडं बसतं. स्वयंपाकघरात तूरडाळ शिजत नाही, कारण पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या सालीत-दाण्यात बसून तिला कडक ठेवतं. मग आपण चिमूटभर सोडा टाकतो आणि डाळीतलं ब-१ जीवनसत्त्व घालवतो.

इतकं सगळं खरं आहे. जड पाण्याचा त्रास मी नाकारत नाही, उलट तो आपल्याच वाट्याला सर्वांत जास्त येतो. पण नीट पाहा, यातलं जवळजवळ सगळं नुकसान कुठे होतंय? गिझरमध्ये, मशीनमध्ये, धुण्याच्या बादलीत. पिण्याच्या पेल्यात नाही.

पेल्यातल्या पाण्याबद्दल शास्त्र काय म्हणतं? भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) मध्ये कठीणतेची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं असं त्यातच लिहिलंय. जागतिक आरोग्य संघटनेनं तर कठीणतेला आरोग्याच्या कारणानं कोणतीही मर्यादा घालून दिलेली नाही. कॅल्शियम-मॅग्नेशियम शरीराला लागतंच. त्यासाठी आपण गोळ्या विकत घेतो आणि पाण्यातून फुकट मिळतं ते पैसे देऊन काढून टाकतो. राहिला मुतखडा. जड पाणी पिऊन मुतखडा होतो असं सिद्ध झालेलं नाही. त्याचं एक मोठं कारण आहे कमी पाणी पिणं, आणि आपल्या उन्हाळ्यात आपण बायका ते अगदी नेमानं करतो.

मग ही भीती आली कुठून? दारावर येणाऱ्या विक्रेत्याच्या पेटीतून. तो दोन पेले मांडतो, एकात तुमचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्राचं. दोन्हींत धातूच्या कांड्या सोडून वीज चालू करतो. तुमचं पाणी बघता बघता तपकिरी, हिरवट, काळं होतं आणि त्यावर साका येतो. त्याचं पाणी स्वच्छच. काकूंचा चेहरा पडतो. "बघा ताई, हे तुम्ही मुलांना पाजताय!"

मैत्रिणींनो, तो गाळ पाण्यातला नसतोच. कांड्यांमध्ये लोखंड असतं. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, तेव्हा लोखंड झिजून त्याचा गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळपास नसल्यानं वीज वाहत नाही, म्हणून ते तसंच राहतं. पुढच्या वेळी असा माणूस आला की त्याच्या स्वच्छ पाण्याच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाका आणि म्हणा, आता लावा वीज. तेही पाणी तसंच काळवंडेल.

दुसरं शस्त्र म्हणजे टीडीएस मीटर. ते पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत याचा अंदाज देतं, बस्स. जंतू, कीटकनाशकं यातलं त्याला काही कळत नाही. त्या मीटरवर शहाळ्याचं पाणी नापास होईल आणि पत्र्यावरून आलेलं, कबुतरांची घाण मिसळलेलं पावसाचं पाणी पहिल्या वर्गात पास होईल. असल्या परीक्षेवर आपण हजारो रुपये मोजतो.

आणि पाण्याचं काय? साध्या घरगुती आरओमध्ये एक लिटर पाणी मिळवायला साधारण तीन लिटर बाहेर जातं. पिण्याला-स्वयंपाकाला दिवसाला २० लिटर धरले तर ६० लिटर मोरीत. वर्षाचे २२ हजार लिटर, म्हणजे ५ हजार लिटरचे चार टँकर भरून वर उरेल. आपल्या समाजाची पन्नास घरं धरा, वर्षाला ११ लाख लिटर! राष्ट्रीय हरित लवादानं २० मे २०१९ च्या आदेशात हेच बोलून दाखवलं. टीडीएस ५०० पेक्षा कमी असेल तिथे आरओवर बंदी घाला आणि जिथे परवानगी असेल तिथे निदान ६० टक्के पाणी वापरात आलंच पाहिजे, असे नियम करायला पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं. न्यायासनाला जे दिसलं, ते पाणी गाळून पिणाऱ्या समाजाला आधी दिसायला हवं होतं.

आता आपल्या धर्माचं बोलते. काही घरांत ऐकलंय, "आरओ आहे, मग गाळायची काय गरज?" हे मला सर्वांत जास्त बोचतं. आपण पाणी गाळतो ते केवळ आपलं पोट बिघडू नये म्हणून का? जाड, दुहेरी छन्न्यानं पाणी गाळायचं, छन्न्यावर राहिलेल्या जीवांना गाळलेल्याच पाण्यानं हलकेच धुऊन जिवाणी काढायची आणि ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत अलगद सोडायची, ही आपली रीत. त्यात काळजी आपल्यापेक्षा त्या जीवांची जास्त आहे. आरओ बरोबर उलटं करतो. जीव जाळीत अडकतात, पडद्यावर दाबानं चिरडतात, उरलेले गटारात. शिवाय गाळलेल्या पाण्याची मर्यादा आपल्याकडे एक मुहूर्त, ४८ मिनिटं. लवंग वगैरे घालून प्रासुक केलं तर दोन प्रहर, खळखळून उकळलं तर २४ तास. आरओच्या टाकीत पाणी सकाळपासून रात्रीपर्यंत पडून असतं. ते मर्यादेतलं पाणी कसं? मुनिसंघ आला की चौक्यात हे पाणी चालत नाही, मग सगळे मिळून गावात चालू विहीर शोधत फिरतो. ज्या विहिरी आपणच कचरा टाकून बुजवल्या, त्यांची तेव्हा आठवण येते.

समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे प्रकार सांगताना प्रमादचर्येत विनाकारण पाणी सांडणं मोजलंय. एकेका थेंबात अप्‌कायिक जीव मानणारे आपण, रोज ६० लिटर कारणाशिवाय सोडतो आणि पर्युषणात क्षमा मागतो. मला हे पटत नाही.

"मग आरओ लावूच नये का?" लावावा, जिथे खरंच गरज आहे तिथे. पाण्यात फ्लोराइड दीड मिलिग्रॅमच्या वर असेल, नायट्रेट ४५ च्या वर असेल, पाणी मचूळ, खारट असेल, तर घरगुती उपायांत आरओ उपयोगाचा ठरतो. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात किनवट भागात फ्लोराइडचा त्रास जुना आहे, तिथल्या बहिणींना मी हा उपदेश करणार नाही. पण हे मीटरवरून नाही, तपासणीवरून ठरतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना तपासून मिळतो. जलजीवन मिशनमध्ये तर गावोगावी पाच-पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण द्यायची योजना आहे. आपल्या गावात त्या कोण आहेत ते विचारा. नसतील तर ग्रामपंचायतीला विचारा, का नाहीत.

नायट्रेट-फ्लोराइड मर्यादेत आहे, फक्त कठीणता जास्त आहे, असा अहवाल आला तर पिण्याच्या पाण्याला आपल्या आजीचीच रीत पुरते: गाळा आणि उकळा. उकळल्यानं जंतू मरतात आणि तापवून सुटणारा क्षार भांड्याच्या तळाशी बसतो. पातेल्याला येणारा तो पांढरा थर म्हणजे पाणी हलकं झाल्याची पावती. हे पाणी निवळून वरचं घेतलं की तूरडाळही लवकर शिजते, सोडा लागत नाही. प्रासुक पाणी करणाऱ्या बायका हे शेकडो वर्षं करत आल्या, फक्त त्याला कुणी यंत्राचं नाव दिलं नाही.

आणि औषध जिथे दुखतंय तिथे लावा. गिझरचं बटण ७०-७५ वर ठेवू नका. ५५ च्या आसपास ठेवा, क्षार बराच कमी बसतो आणि वीजही वाचते. वर्षातून एकदा कारागिराकडून गिझर उघडून कॉइल साफ करून घ्या आणि आतली मॅग्नेशियमची कांडी बघायला सांगा. टाकीऐवजी ती कांडी स्वतः गंजते म्हणून टाकी टिकते. कांडी संपली की टाकीला भोक पडतं. बिघडल्यावर हजार रुपये देतो, तर न बिघडता दोन-तीनशे द्यायला काय हरकत आहे? वॉशिंग मशीनमध्ये कपडे न घालता, गरम पाण्यावर, १०० ग्रॅम लिंबूसत्व टाकून महिन्या-दोन महिन्यांनी एक फेरी काढा. व्हिनेगर आंबवलेलं म्हणून आपल्याकडे नको असतं. बाजारातलं लिंबूसत्वही बहुधा साखरेच्या पाकावर बुरशी वाढवूनच करतात, त्यामुळे कडक नियम असेल तिनं नळ-शॉवरला सरळ लिंबाच्या फोडी चोळाव्या. हातानं धुणाऱ्यांनी बादलीत आधी दोन चमचे धुण्याचा सोडा विरघळवावा. ५० ग्रॅम साबणाचं काम तो १० ग्रॅममध्ये करतो.

मोठं घर, चार बाथरूम, गच्चीवर सोलर असेल तर संपूर्ण घराला सॉफ्टनर बसवायचा विचार करा. पण त्यालाही मीठ लागतं, त्याची राळ धुताना खारट पाणी बाहेर जातं, आणि ते पाणी सोडियममुळे रक्तदाबाच्या माणसानं प्यायचं नाही, हे विक्रेता सांगणार नाही.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते: ते पिवळं ॲसिड घरात आणू नका. क्षाराचे डाग ते क्षणात घालवतं, खरं. पण शहाबादी फरशी म्हणजे चुनखडीचाच दगड, संगमरवरही त्याच कुळातला. ॲसिड डागाबरोबर फरशीही खातं. वाफ आपल्या छातीत जाते, आणि चुकून ब्लीचिंग पावडरीशी गाठ पडली तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. आणि नालीत उतरल्यावर तिथल्या असंख्य त्रस जीवांचं काय होतं, ते मी लिहायला नको. मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून जपणाऱ्या घरात महिन्याला ॲसिडच्या दोन बाटल्या कशा चालतात?

ज्यांच्याकडे आरओ आधीच आहे त्यांनी निदान त्याची बाहेरची नळी बादलीत सोडा. ते पाणी संडासाला, अंगण धुवायला, खरकटी भांडी पहिल्यांदा विसळायला चालतं. गिझर, कूलर, मशीनमध्ये घालू नका, त्यात क्षार आणखी दाट झालेला असतो.

आणि सर्वांत हलकं पाणी तर वरून पडतं. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर २० मिलिमीटरची एक सर आली की २ हजार लिटर पाणी. त्यात क्षार जवळपास नाहीच. पहिली सर वाहू द्या, मग टाकीत घ्या, गाळून वापरा. धुण्याला, गिझरला, डाळीला त्याच्यासारखं पाणी नाही. उरलेलं बोअरभोवती मुरवा, बोअरचं पाणीही सावकाश सुधारेल. आरओच्या किमतीत गच्चीचे पाइप आणि टाकी होऊन जाते. पण पाइप विकायला दारावर कुणी येत नाही, म्हणून ते आपल्याला सुचत नाही.

शिरड शहापूरला मल्लिनाथ भगवंतांच्या दर्शनाला आपण सगळ्या जातो, एकमेकींना भेटतो, साड्यांचं बोलतो, सुनांचं बोलतो. पुढच्या वेळी पाण्याचं बोलू. महिला मंडळानं चातुर्मासाआधी प्रत्येक घरातून एकेक बाटली गोळा करून प्रयोगशाळेत द्यावी आणि अहवाल मंदिराच्या फळ्यावर लावावा. मग कुणाला आरओ हवा, कुणाला फक्त गिझर साफ करायला माणूस हवा, ते अहवालातून ठरेल. पेटीवाल्याच्या दोन पेल्यांवर ठरवायची वेळ येणार नाही.